पाफोसचे अवशेष आणि समुद्र: कोणत्या क्रमाने पाहाल

सायप्रसच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या पाफोसला जाणारे बहुतेक जण एकाच कारणाने दमून परततात. सकाळी हॉटेलचा भरपेट नाश्ता, मग दोन तास समुद्र, मग जेवण, आणि ऊन डोक्यावर आल्यावर ‘आता ते अवशेष उरकून घेऊ’. अवशेषांत सावली जवळपास नाहीच. अर्ध्या तासात मुलं कुरकुरायला लागतात, मोठी माणसं पाण्याची बाटली शोधतात आणि शतकानुशतकं टिकलेल्या मोझेइकच्या (बारीक तुकडे जोडून केलेल्या चित्रांच्या) फरशा घाईघाईत फोटो काढून मागे पडतात.

क्रम उलटा करायचा आहे. सकाळी दार उघडताच अवशेष, दुपारी सावली, तीन-चारनंतर समुद्र. ऐकायला सोपं आहे, पण त्यासाठी महिना, व्हिसा, हॉटेल आणि तिकिटं याच क्रमाला धरून ठरवावी लागतात. पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत. त्यात चार पूर्ण दिवस धरले आहेत. तीनच असतील तर शेवटचा टप्पा गाळा.

१. आधी महिना, मग विमानाचं तिकीट

एप्रिलचा उत्तरार्ध ते मे अखेर, किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. वसंतात अवशेषांभोवती गवत आणि रानफुलं असतात, ऊन सोसवतं, पण समुद्र अजून गार असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, त्यामुळे पोहण्यासाठी हेच दिवस सरस. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर अवशेष पाहायला सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास मिळतील, एवढंच गृहीत धरा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं बंद असतात, पण ज्यांना फक्त अवशेष पाहायचे आहेत त्यांना तेव्हा मोकळीक मिळते.

यात एक मेख आहे. पाफोसच्या मुख्य पुरातत्त्व उद्यानाची उन्हाळी वेळ १६ एप्रिल ते १५ सप्टेंबर अशी असते: सकाळी ८.३० ते संध्याकाळी ७.३०. १६ सप्टेंबरपासून तेच दार ५ वाजता बंद होतं. ऑक्टोबरात हवा उन्हाळ्यासारखीच असते, म्हणून लोक चार वाजता निवांत पोचतात आणि तासाभरात बाहेर काढले जातात.

*तपासा:* तुमच्या तारखांत ऑर्थोडॉक्स ईस्टर येतो का? हा ईस्टर बऱ्याच वर्षी आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या ईस्टरच्या नंतर येतो. ईस्टरचा रविवार, नाताळ आणि १ जानेवारीला स्थळं बंद असतात. त्या आठवड्यात बसही कमी धावतात.

२. व्हिसा आणि विमान: इथली चूक सगळ्यात महाग

सायप्रस युरोपीय संघात आहे, चलन युरो आहे, म्हणून तो शेंगेनमध्येच, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातच, असणार असं लोक धरून चालतात. शेंगेनमध्ये येण्याची त्याची प्रक्रिया चालू आहे. तोवर त्याचा व्हिसा स्वतंत्र आहे. भारतीय पासपोर्टवर दोन वाटा आहेत:

- सायप्रसचा स्वतःचा व्हिसा. भारतात उच्चायुक्तालय नवी दिल्लीत आहे. आखाती देशांत किंवा ब्रिटनमध्ये राहत असाल तर तिथल्या सायप्रस कार्यालयातून अर्ज करायचा.
- चालू, दुहेरी किंवा अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा. पण सायप्रसला येण्याआधी त्यावर शेंगेन क्षेत्रात एकदा प्रवेश झालेला असावा. कोरा शेंगेन व्हिसा घेऊन थेट लार्नाकाला उतरू नका.

ब्रिटनचा राहण्याचा परवाना असला तरी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच. लंडन-पाफोस स्वस्त तिकीट पाहून आधी बुकिंग आणि मग व्हिसाची धावपळ, हे तिथल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत सहज घडू शकतं. तिकीट काढण्याच्या आठवड्यात नियम अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा वाचा. शेंगेनचं घोडं पुढे सरकलं की हे सगळं बदलेल.

विमान शोधताना पाफोस नव्हे, लार्नाका टाका. पाफोसच्या विमानतळावर मुख्यतः युरोपातली स्वस्त आणि सुट्टीवाल्यांची विमानं उतरतात. भारतातून आखाती शहरामार्गे येणाऱ्यांना लार्नाकाच सोयीचं पडतं. युरोपातल्या शहरात विमान बदलणार असाल तर तिथे विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते आधी पाहा.

*सावध:* तुर्कस्तानमार्गे, सायप्रस सरकारच्या ताब्यात नसलेल्या उत्तर सायप्रसच्या एर्जान विमानतळावर उतरण्याचं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. सायप्रस सरकारच्या लेखी तो बेकायदा प्रवेश आहे. दक्षिणेत भाड्याने घेतलेल्या गाडीचा विमाही सहसा उत्तरेत चालत नाही.

लार्नाका विमानतळ ते पाफोस अंतर साधारण १३० किलोमीटर. गाडी असेल तर दीड तास. बसने जायचं तर विमानतळ ते लिमासोल आणि लिमासोल ते पाफोस असे दोन टप्पे पडतात. लिमासोलला उतरण्याचा आणि पुढे चढण्याचा थांबा एकच असेल असं धरू नका. रात्री उशिरा उतरत असाल तर लार्नाकालाच मुक्काम करा. अंधारात दोन बसचा मेळ घालण्यात काही शहाणपण नाही.

३. हॉटेल: ‘पाफोस’ म्हणजे नक्की कुठे?

बुकिंगच्या साइटवर पाफोस लिहिलेलं असलं तरी ठिकाणं तीन आहेत.

काटो पाफोस म्हणजे खालचं पाफोस. बंदर, किल्ला, पुरातत्त्व उद्यान, बसस्थानक, सगळं चालत. क्तिमा म्हणजे टेकडीवरचं जुनं शहर, तीनेक किलोमीटर आत. बाजार आणि स्थानिकांची खाणावळ तिथे आहे, समुद्र नाही. आणि कोरल बे, उत्तरेला दहा-बारा किलोमीटर, जिथे वाळूचा चांगला किनारा आहे पण अवशेष बसच्या अंतरावर.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डोळे झाकून काटो पाफोस घ्यावं. इथले किनारे लहान आणि बरेचसे खडकाळ आहेत, हे खरं. पण सकाळी साडेआठला उद्यानाच्या दारात उभं राहायचं असेल तर पायी दहा-पंधरा मिनिटांवर असणं हेच मोलाचं. वाळूसाठी एक दुपार कोरल बेला जाता येतं. अवशेषांसाठी मात्र रोज पहाटे बस पकडणं कुणाला जमत नाही.

*तपासा:* नकाशावर हॉटेल ते ‘काटो पाफोस हार्बर’ बसस्थानक हे चालण्याचं अंतर. दीड किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर दुसरं बघा.

४. आदल्या संध्याकाळची तयारी

पोचल्याच्या दिवशी अवशेष पाहायला जाऊ नका. बंदरावर फेरी मारा, बसस्थानक बघून ठेवा, सामान आणा. दर माणशी दुसऱ्या दिवसासाठी:

- पाणी दीड लिटर. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, त्यामुळे बाटल्या भरूनच निघा. उद्यानात शिरल्यावर पाणी विकत घेण्याची भिस्त ठेवू नका.
- बंद बूट. चपला-सँडल नकोत. चुनखडीचे घासून गुळगुळीत झालेले दगड, मध्येच सुटी खडी, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवताचे काटे मोज्यांतूनही टोचतात.
- रुंद कडेची टोपी. छत्रीचा उपयोग कमीच, समुद्रावरचा वारा ती उलटी करतो.
- चर्चसाठी खांद्यावर घ्यायला एखादा स्टोल.
- तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा अडॅप्टर. आपला गोल पिनांचा प्लग इथे बसत नाही.

तिकिटांचा हिशोब आत्ताच करा. गेली काही वर्षं दर असे होते: पुरातत्त्व उद्यान ४.५० युरो, राजांच्या कबरी २.५०, बंदरावरचा किल्ला २.५०, आणि तिसऱ्या दिवसाच्या जागांपैकी कूरिओन ४.५०, अपोलो हिलातिसचं देवस्थान २.५०, कूक्लिआ ४.५०. पुरातत्त्व खात्याचे पास १ दिवसाचा ८.५०, ३ दिवसांचा १७ आणि ७ दिवसांचा २५ युरो. वरच्या सहाही जागा पाहायच्या तर सुटी तिकिटं २१ युरो होतात, म्हणजे तीन दिवसांचा पास फायद्याचा, पण त्या जागा तीन सलग दिवसांत बसवाव्या लागतील. फक्त उद्यान आणि कबरी पाहणार असाल तर पास घेऊच नका, सुटी तिकिटं ७ युरोंत होतात. दर बदलले असतील तर खिडकीवर हेच गणित नव्या आकड्यांनी करा.

शाकाहारी मंडळींसाठी दोन ओळी. मेन्यूवर ‘निस्तिसिमा’ दिसलं की ते उपवासाचं, मांस आणि दूधदुभतं नसलेलं जेवण. ‘लूवी’ म्हणजे पालेभाजी घातलेली चवळी, ती आपल्या जिभेला लगेच पटते. हल्लूमी चीज सगळीकडे मिळतं, पण पारंपरिक पद्धतीत त्याला प्राणिजन्य विरजण लावतात. जे हे पाळतात त्यांनी आधी विचारावं.

५. पहिली सकाळ: काटो पाफोस पुरातत्त्व उद्यान

हा सगळ्या सहलीचा गाभा. यासाठी अडीच तास राखून ठेवा आणि ८.३० ला दारात असा. प्रवेश बंदराजवळच्या मोठ्या वाहनतळाच्या बाजूने आहे. समूहांच्या बसगाड्या सहसा तासाभराने येऊ लागतात. तेवढ्या वेळात सर्वांत अरुंद जागा पाहून घ्यायची, हे इथलं गुपित.

*(अ) डायोनिससचं घर, ४० मिनिटं.* डायोनिसस हा ग्रीकांचा मद्यदेव. प्रवेशानंतर पहिली मोठी छताची इमारत. आत लाकडी मार्गिकेवरून चालत खाली फरशी पाहायची असते. गट आला की मार्गिकेवर पुढचा माणूस हलेपर्यंत मागचा अडकतो, म्हणूनच हे आधी. आत शिरताच दोन मिनिटं थांबा, बाहेरच्या लख्ख उजेडातून आल्यावर रंग दिसायला वेळ लागतो.

दाराजवळची स्किल्ला राक्षसीची काळी-पांढरी फरशी लोक ओलांडून जातात, कारण तीत रंग कमी आहेत. ती बाकीच्यांपेक्षा जुनी आहे आणि कापलेल्या चौकोनी तुकड्यांची नाही, नैसर्गिक गोट्यांची आहे. ती आधी नीट पाहिली की पुढच्या रोमन फरशांत तुकडे किती बारीक झालेत ते जाणवतं.

पुढे गॅनिमीडला उचलून नेणारा गरुड शोधा. त्याच्या पंखांची टोकं चौकटीत मावलेली नाहीत, कापली गेली आहेत. कारागिराचं माप चुकलं असावं. मग पश्चिमेच्या ओवरीतली चार चित्रं येतात. त्यांतल्या पिरामस आणि थिस्बीच्या चित्रापाशी थांबा. कथेतला पिरामस हा तरुण प्रेमिक. इथे मात्र तो नदीदेवतेसारखा आडवा पहुडला आहे, कारण पिरामस नावाची एक नदीही होती आणि कारागिराने तिची देवता चितारली. मागे कथेतल्या सिंहिणीच्या जागी बिबट्या आहे. शेजारच्या चित्रात इकारिओस आणि दारू चढलेले दोन मेंढपाळ आहेत. पात्रांची नावं ग्रीक अक्षरांत वरच लिहिली आहेत.

*सावध:* फ्लॅश बंद. कठड्यावर मूल बसवू नका, खाली फरशी आहे आणि कठडा रुंद नाही. ड्रोन तर काढूच नका.

*(आ) आयोनचं घर, १५ मिनिटं.* छोटी छताची इमारत, चौथ्या शतकातली पाच चित्रं. चेहऱ्यांवरच्या छटा इथे जास्त नाजूक आहेत. कधी कधी डागडुजीसाठी बंद असतं. बंद दिसलं तर तिथे ताटकळू नका.

*(इ) थीसिअसचा वाडा, ३० मिनिटं.* शंभरावर खोल्यांचा पसारा, बहुतांश उघड्यावर. लोक खोल्या मोजत भटकतात आणि दमतात. सरळ गोल मोझेइकपाशी जा, जिथे ग्रीक वीर थीसिअस आणि बैलाच्या डोक्याचा राक्षस मिनोटॉर चक्रव्यूहाच्या नक्षीत गुंफले आहेत. मग अकिलीसच्या पहिल्या अंघोळीचं चित्र. बाकी भिंती चालता चालता दिसतात.

*(ई) ओडिओन, अगोरा, दीपगृह, ३० मिनिटं.* इथपर्यंत साडेदहा होतात. ओडिओन हे लहान अर्धवर्तुळाकार सभागृह, अगोरा म्हणजे बाजाराचा चौक. दीपगृह ओडिओनच्या वरच्या बाजूला. पूर्ण ऊन लागतं, म्हणून टोपी आणि पाणी इथे लागतं.

*(उ) सरांता कोलोनेस, २० मिनिटं.* १२२२ च्या भूकंपात कोसळलेला किल्ला. मुलांना हाच सगळ्यात आवडतो, कमानी आणि भुयारांसारख्या खोल्यांमुळे. पण कडांना कठडे नाहीत आणि पायऱ्या उंच आहेत. मुलांचा हात धरून.

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ चुकलीच तर पावणेपाचला आत जा, क्रम हाच ठेवा. १६ सप्टेंबरनंतर दुपारी जाणार असाल तर अडीचच्या आत.

बाहेर पडल्यावर थेट हॉटेलवर न जाता पूर्वेला पंधरा मिनिटं चालत क्रिसोपोलितिसा चर्चकडे जा. तिथे बसिलिकाचे (जुन्या मोठ्या चर्चचे) अवशेष आहेत आणि संत पॉलचा खांब म्हणून दाखवला जाणारा दगडी खांब आहे. प्रवेश फुकट. चर्च वापरात आहे, खांदे झाकून आत जा. वाटेवरच्या संत सोलोमोनीच्या भुयारी प्रार्थनास्थळापाशी झाडाला बांधलेल्या चिंध्या दिसतील. आपल्याकडच्या नवसाच्या झाडांची आठवण होतेच. खाली उतरायच्या पायऱ्या ओलसर आणि निसरड्या आहेत.

मग जेवण आणि झोप. चारनंतर समुद्र. किल्ला संध्याकाळी, बंद होण्याच्या तासभर आधी. गच्चीवरून बंदर दिसतं, आत फारसं काही नाही.

६. दुसरा दिवस: राजांच्या कबरी, मग कोरल बे

६१५ क्रमांकाची बस बंदरावरून निघून कबरींवरून कोरल बेला जाते आणि दिवसा वारंवार असते. म्हणून या दोन्ही जागा एकाच दिवशी. चालकाकडे दिवसभराचं तिकीट मागा. पुन्हा पुन्हा उतरायचं-चढायचं असल्याने तेच परवडतं.

बंदरावरून कबरींकडे किनाऱ्याने पायवाटही जाते, दोनेक किलोमीटर. सकाळी छान, पण समुद्राच्या बाजूने आत जायला दार नाही. रस्त्यावरच्या मुख्य प्रवेशापर्यंत यावंच लागतं.

कबरी राजांच्या नाहीत, श्रीमंत आणि अधिकारी घराण्यांच्या आहेत. जमिनीत खडक कोरून चौक, त्याभोवती डोरिक (साध्या ग्रीक घडणीचे) खांब, आणि आत दफनाच्या खोल्या. दाराशी मिळणाऱ्या नकाशावर क्रमांक असतात. सगळ्या पाहण्याचा अट्टहास नको. ३, ४, ५ आणि ८ या चार पुरेत, त्यातही ३ आणि ४ आधी, कारण तिथले खांबांचे चौक सर्वांत पूर्ण आहेत.

*इथे काय चुकतं:*
- खाली उतरताना पायरीवर वाळू असते. पाय तिरका टाकून, भिंतीला हात लावून उतरा.
- आतली दारं बुटकी आहेत. फोनकडे पाहत शिरलात की कपाळमोक्ष ठरलेला.
- एका कबरीतून दुसरीकडे जाताना नकाशात जवळ दिसतं, पण मधली जमीन ओबडधोबड आहे. चार कबरींना सव्वा तास धरा.

साडेदहापर्यंत बाहेर, त्याच थांब्यावरून पुढची ६१५. कोरल बेला बारीक वाळू आणि उथळ पाणी असल्याने लहान मुलांना आणि पोहता न येणाऱ्यांना हाच किनारा. खुर्ची-छत्रीचे पैसे द्यावे लागतात, वाळूवर टॉवेल टाकून बसायला पैसे पडत नाहीत. दुपारचं ऊन तिथेच छत्रीखाली काढा.

*तपासा:* परतीची शेवटची बस. रविवारी आणि हिवाळ्यात ती लवकर असते. थांब्यावरच्या पाटीचा फोटो उतरतानाच काढून ठेवा.

७. तिसरा दिवस: कूरिओन, कूक्लिआ आणि पेत्रा तू रोमिऊ

या दिवशी गाडी हवी. बसने एकेक जागा गाठता येते, पण तिन्ही एका दिवसात बसत नाहीत. सायप्रसमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालतात, त्यामुळे धास्ती कमी. तरी निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डवर धरली जाते. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचा परवाना, यावर काउंटरशी वाद होतो. महामार्गावर कमाल वेग १००, किमान ६५. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आणि हा नियम इथे खरोखर पाळतात.

लोक वाटेत लागतं म्हणून पेत्रा तू रोमिऊ या किनाऱ्यावरच्या प्रसिद्ध खडकापाशी आधी थांबतात, तिथे तासभर घालवतात आणि कूरिओनला ऐन उन्हात पोचतात. तुम्ही सर्वांत लांबचं आधी घ्या.

*पहिली पायरी, सकाळी ८.३०: कूरिओन.* ए६ महामार्गाने, वाटेत न थांबता, पाऊण तास. या प्राचीन शहराचे दोन भाग आहेत: रंगमंदिर आणि छताखालचं युस्टोलिओसचं घर एकीकडे, तर अगोरा, बसिलिका आणि ग्लॅडिएटर्सचं घर काही शे मीटर पलीकडे, उघड्यावर. सगळे आधी रंगमंदिराकडे धावतात कारण तिथून समुद्र दिसतो. तुम्ही आधी पलीकडचा उघडा भाग पाहा, मग ऊन वाढल्यावर युस्टोलिओसच्या घराच्या छताखाली या, आणि शेवटी रंगमंदिर. दोन तास.

*दुसरी, ११ वाजता: अपोलो हिलातिसचं देवस्थान.* जुन्या बी६ रस्त्याने पश्चिमेला दोन-तीन किलोमीटर. वाटेत उजवीकडे प्राचीन स्टेडियम लागतं, तिथे पाच मिनिटं पुरतात. देवस्थानात मंदिराचा कोपरा पुन्हा उभा केला आहे. चाळीस मिनिटं.

*तिसरी, जेवण.* पिस्सूरी गावात, टेकडीवरच्या चौकात.

*चौथी, दुपारी २: कूक्लिआ.* इथे ग्रीकांची प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी हिचं जुनं पूजास्थान आणि मध्ययुगीन वाड्यातलं संग्रहालय. भर दुपारी मुद्दाम इथे आणलं आहे, कारण निम्मा वेळ छपराखाली जातो. देवी म्हणून पूजला जाणारा काळा शंकूच्या आकाराचा दगड संग्रहालयात आहे. मूर्तीची अपेक्षा ठेवून गेलेल्यांचा विरस होतो, पण मराठी माणसाला शेंदूर लावलेला तांदळा ओळखीचा असतो, त्यामुळे हा दगड बाकीच्या युरोपीय पर्यटकांपेक्षा आपल्याला लवकर कळतो. बाहेरच्या अवशेषांत मात्र फार काही उभं नाही.

*पाचवी, संध्याकाळ: पेत्रा तू रोमिऊ.* कूक्लिआहून थोडं मागे यावं लागतं. ते वळण वाया जात नाही, कारण सूर्यास्ताला खडक पाहायचा तर हाच क्रम लागतो. आधी पेत्रा केलं असतं तर कूक्लिआ बंद मिळालं असतं.

*सावध:* गाडी रस्त्यापलीकडच्या वाहनतळावर लावा आणि भुयारी मार्गाने किनाऱ्यावर उतरा. बी६ पायी ओलांडू नका, वळणावर गाड्या वेगात येतात. किनारा गोट्यांचा आहे, पाण्यातही बूट हवेत. खडकाभोवती पोहत फेऱ्या घातल्या की तारुण्य मिळतं असं सांगतात, पण तिथे ओढ असते आणि लाट खडकावर आपटते. कसलेला पोहणारा असला तरी वारा असताना जाऊ नये. खडकावर चढणं तर नाहीच.

८. चौथा दिवस: आकामास, वेळ असेल तरच

आकामास द्वीपकल्पाचे रस्ते कच्चे आहेत आणि भाड्याच्या साध्या गाडीचा करार कच्च्या रस्त्यावर विमा देत नाही. करारातली ती ओळ शोधून वाचा. टायर फुटला किंवा खालून पत्रा फाटला तर भरपाई तुमच्याच खिशातून. सोपा मार्ग म्हणजे लात्सी बंदरावरून बोटीने ब्लू लगून. बसने जायचं तर पाफोसच्या कारावेल्ला स्थानकावरून ६४५ ने पोलिस नावाच्या गावापर्यंत आणि तिथून ६२२. ही ६२२ पुढे ॲफ्रोडाइटीच्या स्नानकुंडालाही जाते. त्या कुंडात स्नान करायला मात्र बंदी आहे.

लारा किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. उन्हाळ्यात वाळूत जाळीचे पिंजरे दिसले तर ती घरटी आहेत. त्याजवळ छत्रीची काठी रोवू नका आणि रात्री तिथे थांबू नका. अवाकास घळीत दगड कोसळतात. पाटी बंद दाखवत असेल तर साखळी ओलांडू नका.

निघण्याआधी

सामान भरताना मुलांचे खिसे आणि बुटांच्या पिशव्या तपासा. अवशेषांतून उचललेला खापराचा तुकडा किंवा मोझेइकचा दाणा देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचे गोटेही तिथेच राहू द्या.

लार्नाकाहून सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशी दुपारीच पाफोस सोडा. भाड्याची गाडी विमानतळावर परत करणार असाल तर टाकी भरल्याची पावती आणि गाडीच्या चारही बाजूंचे फोटो जवळ ठेवा, आणि काउंटर उघडण्याची वेळ आधी विचारा. पहाटे तो बंद असेल तर किल्ली कुठे टाकायची हे लेखी घेऊन ठेवा.